दिगू, पाठ टेकवायची राहिली

दिगू, काल चाकणला जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझी धडधड थांबायची नाही. सकाळपासून मानेला शेक देत बसलोय, डावा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि तरी मला हसू येतंय. आई दोनदा डोकावून गेली. "याड लागलं का रं तुला?" म्हणाली. तिला काय सांगणार? ही गोष्ट पूर्ण कळेल असा माणूस एकच होता, आणि तो गेल्या महिन्यात फर्स्ट शिफ्ट करून घरी आला, बूट काढायला खुर्चीत बसला आणि वहिनी चहा घेऊन येईपर्यंत गेला.

तुझ्या दहाव्याला लोक बोलले. तुझ्या कंपनीतल्या प्रेसशॉपचे साहेब बोलले, तू कधी गैरहजर राहिला नाहीस म्हणून. युनियनवाले बोलले. धाराशिवकडून आलेले तुझे पाहुणे बोलले. मी मागे घाटाच्या पायरीवर बसून वाट बघत होतो की आता कुणीतरी म्हणेल, हा माणूस रिंगमध्ये काय दिसायचा. एकानंही म्हटलं नाही. त्यांना वाटलं असेल, गेलेल्या माणसाबद्दल असलं काही काढू नये. बॉयलर सूट घालून, हेल्मेट चढवून खोट्या कुस्त्या खेळायचा, हे काय घाटावर सांगायचं असतं का? माझं डोकं इतकं फिरलं की कावळा शिवायच्या आधीच मी गाडीला किक मारली. आपल्या 'डबल शिफ्ट' जोडीचा अर्धा भाग गेलाय आणि माईकवर तुझ्या हजेरीचं कौतुक चाललंय. म्हणून आता मीच बोलतो. ऐक.

तू आमच्या पिंपळे गुरवच्या तालमीत पहिल्यांदा आलास तेव्हा गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच होतं. अप्पा, माझे वडील, तिथले वस्ताद. त्यांनी तुला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कुस्ती खेळतूस व्हय?"

"खेळत व्हतो. आता कंपनीत हाय," तू म्हणालास. "पर माती लागल्याबिगर झोपच येईना झालीय."

अप्पांनी तुला माझ्यावर घातलं. मी घरचा पैलवान, वस्तादांचा मुलगा, गल्लीत भाव खाणारा. तू कार्ड काढून खुंटीला अडकवलंस, मातीला हात लावून कपाळाला लावलास, आणि मी छताचे पत्रे मोजायला लागलो. ढाकेचा डाव लावलास का काय केलंस ते मला आजही कळलेलं नाही. अप्पा महिनाभर जेवताना तेवढंच बोलत होते.

मग ताथवड्याचे अन्वर मास्तर. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मधल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी रिंग टाकून बसलेले, तोंडात पान, गुडघे गेलेले. टीव्हीवर असते तसली कुस्ती शिकवायचे. जत्रा, दुकानाचं उद्घाटन, कंपनीचा फॅमिली डे, जिथे बोलावतील तिथे खेळ. जोडीजोडीचे सामने लोकांना फार आवडतात, असं ते म्हणाले. दोघांपैकी एक आत, दुसरा बाहेर कोपऱ्यात दोरी धरून उभा. आतल्यानं मार खात खात येऊन बाहेरच्याच्या हाताला हात लावायचा. हात लागला की बाहेरचा आत. नियम एवढाच.

"दोघं कामाला कुठे?" त्यांनी विचारलं. तू चाकणला फर्स्ट शिफ्ट. मी भोसरीला सेकंड. आपली गाठ पडायची ती गुरुवारी, सुट्टीला. मास्तरांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "तो नाम हो गया ना. डबल शिफ्ट."

पहिला सामना आठवतो? नसेल आठवत तर मी आठवून देतो, कारण मी तो मरेपर्यंत विसरणार नाही. भोसरीत एका मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन. मास्तरांनी सगळं बसवून दिलेलं. अर्धा तास खेळ चालवायचा, तू आधी मार खायचा, मग मी यायचं, मग गोंधळ, मग शेवट. घंटा झाली. समोरच्यानं तुझ्या मानेला हात घातला आणि तुझ्या अंगानं कुणाला विचारलंच नाही. तो गडी हवेत गेला आणि पाठीवर आला. चितपट. लोकांना काय झालं ते कळायच्या आत तू रिंगमधून खाली उतरलास, तडक पाहुण्यांच्या खुर्चीपुढे गेलास आणि फेटा बांधून घ्यायला डोकं वाकवून उभा राहिलास.

पाहुणे कोण, तर मोबाइल कंपनीचे एरिया मॅनेजर. त्यांना वाटलं आशीर्वाद हवाय. त्यांनी तुझ्या केसांवरून हात फिरवला. मास्तर कोपऱ्यातून ओरडत होते, "अरे पैलवान, वापस आ, आधा घंटा बाकी है!" आणि तू मान वर करून म्हणालास, "पाठ लागली की मास्तर. आता कामून?" तिकडे दुकानदार रिंगच्या कडेला येऊन हातवारे करायला लागला, म्हणून उरलेला वेळ मी रिंगमध्ये बैठका मारून काढला. लोकांनी त्या मोजल्या. अजून भोसरीत एक वडापाववाला मला 'बैठक' म्हणून हाक मारतो.

तुला पडायला शिकवणं मात्र मास्तरांच्या हाताबाहेरचं काम होतं. ह्या खेळात पाठीवर पडायचं असतं, तीच खरी विद्या. तू पडायचास, पण तिथे राहायचा नाहीस. पाठ टेकली न टेकली की तव्यावरच्या पोळीसारखा उलटायचास आणि पोटावर. समोरचा तुझ्यावर आडवा पडायचा, पंच चटईवर हात आपटून मोजायचा, एक, दोन, आणि तू उलटा. तीन कधी झालंच नाही. मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग एके दिवशी चिखलीच्या जत्रेत पुढच्या रांगेतल्या बायकांनी हसत हसत आरोळी दिली, "पलटी!" पुढच्या वेळी सगळं मैदान ओरडलं, आणि मास्तरांना कळलं की त्यांच्या हाती सोनं लागलंय.

तेव्हापासून आपला खेळ ठरला. आधी भोंगा वाजायचा, कंपनीचा असतो तसला. मग तू आत, पिवळं हेल्मेट, निळा बॉयलर सूट, हातरुमालात बांधून आणलेली आमच्या तालमीची लाल माती. ती तू कोपऱ्याच्या खांबाला बांधायचास आणि दोन्ही तळव्यांना चोळायचास. मग मार खायचास. दिगू, मी इतके खेळ बघितले, टीव्हीवर बघितले, पण तुझ्यासारखा मार खाणारा माणूस मी बघितला नाही. तू गुडघ्यावर यायचास, माझ्याकडे बघायचास, एक हात पुढे करायचास, आणि मैदानातली प्रत्येक बाई, प्रत्येक हेल्पर, प्रत्येक सिक्युरिटीवाला खुर्चीवर उभा राहायचा. मी कोपऱ्यात दोरी ओढून धरायचो. सगळं ठरलेलं आहे हे मला माहीत असायचं, तरी मला वाटायचं आज हा पोचत नाही. आणि मग तुझा तो मातीचा तळवा माझ्या तळव्यावर बसायचा. मी लाल हात वर करून दोरीवरून उडी मारायचो. तो जो आवाज व्हायचा ना, तो कानात नाही, पोटात ऐकू यायचा.

आपल्यासमोर बहुतेक वेळा 'एचआर ब्रदर्स'. भाऊबिऊ नव्हेत, निनाद आणि त्याचा जोडीदार, ताथवड्याच्या कॉलेजातून तेव्हा नुकतेच बाहेर पडलेले दोन इंजिनिअर. टाय लावून यायचे, लॅपटॉपची बॅग घेऊन. माईकवर सांगायचे, "उद्यापासून कँटीनमध्ये दुसरा चहा बंद." चाकणच्या मैदानात ह्या एका वाक्यावर चपला यायच्या. खरं तर दोघं इतके सभ्य की खेळ संपल्यावर तुझ्या पाया पडायचे आणि बॅग लागली का हो दादा, म्हणून विचारायचे. आणि आपल्या ज्योती वहिनी, सगळ्या खेळांना पहिल्या रांगेत. स्वतः वायरिंगच्या कंपनीत लाइनवर उभ्या राहणाऱ्या. प्रत्येक वेळी मला म्हणायच्या, "भाऊजी, एकदा मला ह्या एचआरच्या कानाखाली वाजवू द्या. एकदाच."

आता भांडणाचं. ते आपलं एकच भांडण होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. डबल शिफ्टला कधीमधी हरावं लागायचं, नाहीतर लोकांना गंमत राहत नाही. हरायचं म्हणजे कुणाची तरी पाठ टेकायची. ती प्रत्येक वेळी माझी. आई म्हणायची, "दोघं खेळतायसा, मग तुझीच पाठ कशी लागती रं?" मी तुला म्हणायचो, अरे हा खेळ आहे, इथे पाठ टेकवणं म्हणजे समोरच्याला काहीतरी देणं आहे, हरणं नाही. तू ऐकून घ्यायचास, मान हलवायचास, आणि नाही म्हणायचास. एकदा मी फार लावून धरलं तेव्हा तू बोललास. "संत्या, गाव सोडलं. माती सोडली. कुस्ती सोडून हेल्मेट घातलं. आता पाठबी सोडू का?" मी तिथे थांबायला हवं होतं. पण मी बोललो. मी म्हणालो, तुझी पाठ काय सोन्याची आहे काय. दोन गुरुवार तू माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या गुरुवारी मिसळ खाताना माझ्या ताटलीत तुझा पाव टाकलास, आणि विषय तिथेच राहिला.

मग ह्या वर्षी चाकणच्या खेळाची बोलणी झाली. मोठं मैदान, सगळ्या शिफ्टचे लोक, आणि हैदराबादहून एक माणूस येणार होता निनाद आणि त्याच्या जोडीदाराला बघायला. पसंत पडले तर पोरं मोठ्या खेळात जाणार. फर्स्ट शिफ्टची, म्हणजे तुझी, पाठ आजवर कुणी टेकवलेली नाही, हे त्या माणसालाही माहीत होतं. मास्तरांनी तुला विचारायची हिंमत केली नाही. मीही केली नाही. तू जायच्या आदल्या गुरुवारी चौकातल्या टपरीवर तूच कटिंग खाली ठेवलास आणि म्हणालास, "चाकणला मी टेकवतो पाठ."

मला ठसका लागला.

"पोरं गुणाची हायेत," तू म्हणालास. "इतकी वरसं माझ्यामुळं शिव्या खायलेत. त्यान्ला देऊन टाकू. पर आत्ताच सांगू नकोस. मास्तरलाबी नको. रिंगमधीच कळू दे."

मी म्हणालो, बघ हं, शब्द आहे. तू हसलास. तुझं ते हसू आठवून मला आता शंका येते, पण त्यावर नंतर बोलतो.

त्यानंतरच्या सोमवारी वहिनींचा फोन आला. मी नुकताच कामावर पोचलो होतो, डबा अजून गाडीलाच लावलेला. तुझ्या सांगवीच्या खोलीत आलो तर बायका भिंतीला टेकून बसलेल्या आणि मधोमध सतरंजीवर तू. पाठीवर. दिगू, इतक्या वर्षांत मी तुला पाठीवर स्थिर बघितलं नव्हतं. झोपायचास तोही कुशीवर, खेळानंतर टेम्पोत झोपायचास तोही पोटावर. मी तुझ्या उशाशी बसलो आणि माझा तळवा आपोआप फरशीवर पडला. हळूच. कुणाला ऐकू गेलं नाही. मी मनात म्हटलं, एक. थांबलो. दोन. आणि मी खरोखर वाट बघितली, तुझ्या डाव्या खांद्याकडे बघत, कारण तुझी पलटी तिथून सुरू व्हायची. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, उठा म्हणाले, पाणी गरम झालंय. मी उठलो.

मास्तरांनी चाकणचा खेळ रद्द करायचं ठरवलं होतं. मग म्हणाले, दुसरा जोडीदार देतो. मी नाही म्हणालो. निनाद घरी आला, डोळे सुजलेले. "दादा, तुम्ही एकटे खेळा आणि तुम्हीच जिंका. दिगूदादांसाठी. आम्ही पडतो." हैदराबादच्या माणसाचं तो काही बोललाच नाही. मी हो म्हणालो. सांगायचं नाही असं तुझं सांगणं होतं ना. पण तुझा शब्द माझ्याकडे होता, आणि तो एका मेलेल्या माणसाचा होता, म्हणजे परत करायची सोय नव्हती.

आणि मग वहिनी म्हणाल्या, "कोपऱ्यात कोण उभं राहणार?"

"कुणी नाही, वहिनी. मोकळा ठेवू."

"मोकळा कोपरा मला बघवायचा नाही. दोरी मी धरते."

नातेवाईक आहेत, महिना झाला नाही, लोक काय म्हणतील, असं मी चाचरत बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "मी कामावर गेले तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. घरात भिंत बघत बसू का मी? त्यांच्यासाठी भोंगा वाजणार आणि मी घरी?" अप्पांनी स्वतः तालमीच्या हौद्यातली माती हातरुमालात बांधून दिली.

तर काल. गुरुवार. मैदान असं भरलेलं की कंपाउंडवर पोरं, बसच्या टपावर लोक, आणि तुझ्या प्रेसशॉपची आख्खी लाइन युनिफॉर्म घालून पुढे बसलेली, सुट्टी असून. भोंगा वाजला. मी एकटा बाहेर आलो. मग माझ्या मागून वहिनी आल्या, साडीचा पदर खोचलेला, डोक्यावर तुझं पिवळं हेल्मेट, हातात मातीचा रुमाल. आधी एक जण उठला. मग सगळे. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, नुसते उभे. वहिनींनी रुमाल खांबाला बांधला, तळव्यांना माती चोळली, दोरी धरली आणि मला म्हणाल्या, "जा."

मी तुझी शिफ्ट केली, दिगू. पहिल्यांदाच. मला वाटायचं मार खाणं सोपं, आत यायचं ते माझं काम अवघड. किती चुकीचं समजत होतो मी. खाली पडल्यावर काही दिसत नाही रे. दिवे दिसतात, बूट दिसतात, आणि लांब कुठेतरी एक हात दिसतो. निनाद बॅग घेऊन माझ्या पाठीत घालत होता आणि कानात विचारत होता, "लागलं का दादा?" मी म्हणालो, "मार रे." लोक ओरडत होते, फर्स्ट शिफ्ट, फर्स्ट शिफ्ट. मी गुडघ्यावर आलो. कोपऱ्याकडे सरकायला लागलो. तिथे हात लावायचा नाही असं ठरलं होतं. वहिनी फक्त उभ्या राहणार होत्या. मी कोपऱ्यापर्यंत जायचं, परत वळायचं, एकट्यानं जिंकायचं.

पण मी हात पुढे केला आणि वहिनींनी दिला. दोघांनाही भान नव्हतं. मातीचा तळवा माझ्या तळव्यावर खाडकन बसला.

मैदान फुटलं. मास्तर पंच होते, त्यांचं तोंड उघडंच राहिलं. नियम तो नियम. हात लागला, म्हणजे मी बाहेर आणि वहिनी आत. वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रुमालाकडे, हेल्मेट काढून खांबावर ठेवलं आणि दोरीखालून आत गेल्या. निनादचा चेहरा पांढरा. पण पोरगं गुणाचं, तू म्हणाला होतास ते खरं. त्यानं टाय सरळ केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, गेटपास आहे का?"

वहिनींनी कानाखाली वाजवली. खेळातली नव्हे, खरी. आवाज बसच्या टपापर्यंत गेला. निनाद असा आडवा झाला की त्याचा जोडीदार आपणहून दोरीपलीकडे जाऊन उभा राहिला. मास्तर हसू दाबताना पान गिळून बसले. वहिनी सावकाश चालत माझ्याकडे आल्या, माझ्या हाताला हात लावला आणि म्हणाल्या, "बरं वाटलं हो भाऊजी." त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्या हसत होत्या. तू गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या, दिगू.

मग मी आत गेलो. काय झालं होतं मला सांगता येणार नाही. मी दोघांना ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फेकत होतो, टाय धरून फिरवत होतो, बॅग कुणीतरी प्रेक्षकांत पळवली. तुझी ढाक मारली. लागली. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझी ढाक लागली. जिंकायला फक्त निनादवर आडवं पडायचं बाकी होतं. सगळं मैदान उभं, तुझी लाइन बाकांवर, सगळ्यांना तेच हवं होतं. मी त्याच्यावर वाकलो आणि म्हणालो, "आता तू मला उचल. आणि धर."

"नाही दादा."

"दिगूनं दिलंय तुम्हाला. टपरीवर बोलला होता. त्याचा शब्द आहे."

निनाद माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मला उचललं. मी पाठीवर पडलो आणि तो माझ्यावर आडवा पडला, आणि माझ्या गळ्यात तोंड खुपसून लहान मुलासारखा रडायला लागला. मास्तरांना काही माहीत नव्हतं, पण त्यांचा हात पडला. एक. सगळं मैदान ओरडलं, "पलटी!" बायका, हेल्पर, सिक्युरिटीवाले, कंपाउंडवरची पोरं, "पलटी! पलटी!" दोन. आणि दिगू, माझा डावा खांदा उचलला गेला. मी नाही उचलला. इतकी वर्षं कोपऱ्यातून बघून बघून तुझी पलटी माझ्या अंगात कधी शिरली ते मला ठाऊक नाही. मी बोटांनी चटई घट्ट धरली आणि खांदा खाली दाबला. तीन.

एवढ्या शिव्या मी चाकणमध्ये कधी ऐकल्या नाहीत. चपला आल्या, बाटल्या आल्या, कुणाचा तरी डबा आला. निनाद हात वर करून उभा, गालावर वहिनींची लाल बोटं, डोळ्यांतून धारा, आणि लोकांना वाटलं हा आपली टर उडवतोय, म्हणून आणखी चपला आल्या. हैदराबादचा माणूस खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होता. पोरं गेली दिगू, मोठ्या खेळात गेली. रात्री मास्तरांना फोन आला.

टेम्पोत वहिनी माझ्या मानेला बाम चोळत होत्या. मी त्यांना टपरीवरचं सगळं सांगितलं. त्यांनी बामच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "खरंच टेकवली असती का हो त्यांनी पाठ?"

"टेकवतो म्हणाला होता."

"म्हणाले असतील. दर दिवाळीला मोरीचा नळ बदलतो असंही म्हणायचे."

मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, तेही हसायला लागले. आम्ही तळवड्यापर्यंत हसत होतो. मला तुझं टपरीवरचं हसू आठवलं आणि मला कळलं की ह्या भांडणाचा निकाल आता कधीच लागणार नाही. कालच्या मैदानात माझ्या जागी तू आत असतास तर तू खरोखर तीन होऊ दिलं असतंस, का दोनला उलटून माझ्याकडे बघून डोळा मारला असतास, हे मला कुणी सांगू शकत नाही. इतका राग येतो तुझा. आणि इतकं बरं वाटतं की तू माझ्या वाट्याला आलास, ह्या कंपन्यांच्या गर्दीत, गळ्यात कार्ड अडकवून.

एक मात्र पंचाच्या नियमानं सांगतो. त्या सोमवारी तुझ्या उशाशी मी एक म्हटलं, दोन म्हटलं. तीन मी म्हटलं नाही. अजून म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. काल चाकणला टेकली ती माझी पाठ, नेहमीसारखी. तुझी कुणी टेकवलेली नाही.